रात्री पाठ, सकाळी कोरे

बडोदे म्हटले की आपल्याला सयाजीराव महाराज आठवतात. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मूल शाळेत यायलाच हवे, हे त्यांनी ठरवून दिले. शाळेत आलेल्या मुलाच्या डोक्यात शिकवलेले टिकते का, ही काळजी मात्र आजही घरोघरी आहे. दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीच्या घरीही आहे.

तिचा मुलगा पाचवीत. घरी मराठी, शाळेत गुजराती, जसे आपल्याकडे मराठी आणि कन्नड. मुलगा हुशार, पण एका जागी बसत नाही. डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलपणा, असे निदान केले. रात्री अकराला सतराचा पाढा धडाधड म्हणायचा आणि सकाळी सातला पाटी कोरी! मग बहीण त्याला पहाटे पाचला उठवून पुन्हा बसवू लागली. कधी धपाटाही बसे. शेजारचे म्हणाले, घरातले मराठी बंद करा. (दोन भाषांमुळे हा विकार होत नाही. आपल्याकडच्या आईवडिलांनीही हे ध्यानात ठेवावे.)

खरी गोष्ट झोपेत दडलेली आहे. मराठीत झोप म्हणा की कन्नडमध्ये निद्दे, तेव्हा मेंदू स्वस्थ नसतो. दिवसभरात शिकलेले कच्चे असते. गाढ झोपेत, मेंदूच्या लहरी संथ झाल्यावर, मेंदू ते पुन्हा उजळवतो आणि पक्क्या जागी ठेवतो. जर्मनीतील कील येथे अलेक्झांडर प्रेन-क्रिस्टेन्सेन आणि सहकाऱ्यांनी मुलांना चित्रे दाखवून झोपेनंतर त्यांची आठवण तपासली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे दिसले, की इतर मुलांना झोपेचा जेवढा फायदा होतो, तेवढा एडीएचडीच्या मुलांना होत नाही. म्हणजे आमचा भाचा आळशी नव्हता. रात्रीची ती साठवणच त्याच्याकडे कमी पडत असावी.

पण त्याच गटाने हाताच्या कौशल्याची, भराभर बटणे दाबण्याची, चाचणी घेतली, तेव्हा उलटे घडले. दिवसा मागे पडणारी हीच मुले झोपून उठल्यावर सुधारली! तेव्हा अशा मुलाची झोप कापून अभ्यास वाढवणे म्हणजे गळक्या हंड्याला आणखी एक भोक पाडणे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय या मुलांना झोप लागतेच उशिरा. अनेकांचे शरीराचे घड्याळ मागे असते. मिथाइलफेनिडेटसारखे औषध दिवसा उशिरा घेतले तरी झोप लांबते. नाकामागच्या गाठी वाढून मूल घोरत असेल किंवा शरीरात लोह कमी असल्याने पाय सतत हलत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे. बहिणीला डॉक्टरांनी पाढ्यांचे काही विचारलेच नाही. पहिला प्रश्न होता, "किती वाजता झोपतो? घोरतो का?"

यावर उपाय महागडा नाही. ऑस्ट्रेलियात एडीएचडी असलेल्या ५ ते १२ वर्षांच्या २४४ मुलांवर एक अभ्यास झाला. त्यातील निम्म्यांच्या पालकांना दोन भेटी आणि एका फोनवर झोपेची शिस्त समजावून दिली. ठरलेली वेळ, ठरलेला क्रम, एवढेच. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. झोप सुधारली, चंचलपणा थोडा उतरला आणि सहा महिन्यांनी तात्पुरते लक्षात ठेवण्याची क्षमताही वाढलेली दिसली. विकार गेला, असे कोणी म्हटले नाही.

बहिणीने पहाटेचा गजर बंद केला. पाठांतर संध्याकाळी, जेवणाआधी. साडेआठला टीव्ही आणि मोबाईल बंद, नऊला अंथरूण. या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते, हे तिने घरातल्या मोठ्यांनाही ऐकवले.

आणि मग आले नवरात्र! बडोद्याचा गरबा रात्री उशिरा रंगतो. ध्वनिक्षेपकाला रात्री दहाची मर्यादा असली, तरी सणाच्या ठराविक दिवशी राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकते. आपल्याकडे गणपतीत वेगळे काय होते? खिडक्या लावल्या तरी ढोल ऐकू येतोच. सहामाही तोंडावर, सगळे मित्र मैदानावर आणि हा अंथरुणात, हे कोणत्या आईला बघवेल? तिने तोड काढली. नऊपैकी दोनच रात्री, तेही साडेनऊपर्यंत. पहिल्या रात्री परतताना तो रस्त्यात बसून रडला. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत.

सतराचा पाढा अजूनही मध्येच अडतो. पण पहाटेची रडारड थांबली आहे, आणि सहामाहीच्या सकाळी तो स्वतःहून उठला, असे बहिणीने फोनवर सांगितले.