कुलूप कोणाचं? लेखांक १२ : मूळ संख्येवर बंदी

सॉफ्टवेअर पेटंटांकडे आज वळायचं ठरलं होतं. ते पुढच्या रविवारी. पीजीपी या कूटलेखनाच्या प्रोग्रॅमच्या पुस्तकावरचा लेखांक वाचून साताऱ्याच्या एका निवृत्त शिक्षिकांचं पत्र आलं आणि त्यांच्या प्रश्नाने मला एका लाडक्या विषयात ढकललं. आता तो मांडल्याशिवाय पुढे जाववत नाही.

त्यांची लेक न्यू जर्सीत असते. तिने आईसाठी जुन्या हॉलिवूड चित्रपटांच्या डीव्हीडी पाठवल्या. साताऱ्यातल्या प्लेअरमध्ये घातल्या की पडद्यावर ‘चुकीचा रीजन’ एवढंच उमटतं. बाई विचारतात, ‘दुकानातून पैसे मोजून घेतलेला माल, पावती आहे, कॉपी केलेली नाही. मग मी कुठला कायदा मोडला?’

कुठलाच नाही. आणि याच उत्तरामुळे पुढचा प्रश्न गंभीर होतो : कायदा मोडलेला नसताना बाईंना अडवलं कोणी?

१९९६-९७ मध्ये डीव्हीडी बाजारात आली तेव्हा चित्रपट कंपन्यांनी जगाचे सहा तुकडे केले. अमेरिका आणि कॅनडा पहिल्या प्रदेशात. युरोप आणि जपान दुसऱ्यात. भारत पाचव्यात, रशिया, मंगोलिया आणि आफ्रिकेच्या बऱ्याचशा भागाबरोबर. चीनला सहावा प्रदेश स्वतंत्र. कारण धंद्याचं होतं. चित्रपट एका देशात आधी आणि दुसऱ्यात नंतर प्रदर्शित व्हायचा, किमतीही देशोदेशी वेगळ्या ठेवायच्या होत्या. कंपनीने असं ठरवण्यात मला गैर वाटत नाही. पण हा नकाशा कुठल्याही संसदेने मंजूर केलेला नव्हता, कुठल्याही कॉपीराइट कायद्यात तो नव्हता. तरी तो साताऱ्याच्या दिवाणखान्यात लागू झाला. तो कसा, हे नीट पाहायला हवं.

डीव्हीडीवरचा चित्रपट ‘सीएसएस’ नावाच्या पद्धतीने कूटबद्ध केलेला असतो. तो उलगडायला किल्ली लागते आणि ती प्लेअर बनवणाऱ्याला करारावरच मिळते. करारात अटी असतात. रीजन पाळायचा, ही एक. डीव्हीडी सुरू झाल्यावर येणारी कॉपीराइटची ताकीद पुढे ढकलू द्यायची नाही, ही तशीच दुसरी गोष्ट. तुम्ही रिमोटवर बटण दाबता आणि पडद्याच्या कोपऱ्यात नकाराची खूण येते, ती यामुळेच. प्लेअर तुमचा, डीव्हीडी तुमची, पण यंत्र आज्ञा पाळतं ती तिसऱ्याची.

चोरीचं म्हणाल, तर ज्याच्याकडे डीव्हीडी छापायचा कारखाना आहे त्याला हे कुलूप फोडावंच लागत नाही. तो कुलपासकट जशीच्या तशी नक्कल छापतो आणि ती मूळ डीव्हीडीसारखीच बिनतक्रार चालते. अडतो तो आपल्यासारखा गिऱ्हाईक.

बाईंसाठी व्यवहारातलं उत्तर देऊन टाकतो. बहुतेक प्लेअरमध्ये रीजन बदलायची सोय दडवलेली असते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मी माझा प्लेअर घेतला तेव्हा दुकानदाराने न विचारताच ट्रे उघडला, रिमोटवर चार आकडे दाबले, पडद्यावर एक छोटी यादी आली, तिथे पाचाचं शून्य केलं आणि ‘आता सगळं चालेल’ म्हणून खोकं बांधून दिलं. आपल्या मॉडेलचा आकडा बाईंनी दुरुस्तीवाल्याला विचारावा. मात्र संगणकाच्या ड्राइव्हमध्ये असा प्रयोग जपून करावा. तिथे रीजन पाचदाच बदलता येतो, मग तो शेवटच्या प्रदेशावर कायमचा अडकतो.

हे कुलूप फुटलं कसं, ते पाहायला आता नॉर्वेत जाऊ. यॉन लेख योहानसेन हा पंधरा वर्षांचा मुलगा. तो प्रोग्रॅमरांच्या ज्या गटात होता त्याला लिनक्सवर डीव्हीडी पाहायच्या होत्या आणि लिनक्ससाठी परवाना असलेला प्लेअरच नव्हता. एका कंपनीच्या विंडोजवरच्या प्लेअरमध्ये किल्ली नीट झाकलेली नव्हती. गटातल्या एका अनामिक जर्मन साथीदाराने ती शोधून कुलूप उलगडलं, योहानसेनने त्याभोवतीचा प्रोग्रॅम लिहिला आणि ऑक्टोबर १९९९ मध्ये ‘डीसीएसएस’ या नावाने तो सगळ्यांसाठी खुला केला. ४० बिटांची किल्ली म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता. ऐकायला आकडा भक्कम वाटतो, पण पद्धतीची रचनाच कच्ची होती. फ्रँक स्टीव्हन्सनने थोड्याच दिवसांत दाखवून दिलं, की चोरलेली किल्ली नसली तरी घरचा साधा संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत हे कुलूप उघडतो.

जानेवारी २००० मध्ये नॉर्वेचे पोलीस योहानसेनच्या घरी आले. त्यांनी संगणक नेले, मोबाइल नेला. गुन्हा कोणता, तर स्वतः विकत घेतलेली डीव्हीडी उघडायचं साधन बनवलं. त्याने चित्रपटाच्या नकला विकल्या, असं कोणी म्हणतही नव्हतं. तक्रारदार होते अमेरिकेतल्या चित्रपट उद्योगाचे प्रतिनिधी आणि परवाने देणारी डीव्हीडी कॉपी कंट्रोल असोसिएशन. एका खासगी कराराच्या रक्षणासाठी सरकारी पोलीस शाळकरी मुलाच्या दारात उभे राहतात, ही गोष्ट मला आजही मान्य करता येत नाही.

अमेरिकेत तोवर नवा कायदा आला होता. क्लिंटन यांनी ऑक्टोबर १९९८ मध्ये सही केलेला डीएमसीए. त्याचं कलम १२०१ सांगतं, की कॉपीराइट असलेल्या कृतीवरचं कुलूप उघडू नका आणि ते उघडायचं साधन कोणाला पुरवू नका. कुलूप उघडून पुढे तुम्ही चोरी केली की नुसता चित्रपट पाहिला, हा प्रश्न त्यात जवळजवळ गळून पडतो. नफ्यासाठी जाणूनबुजून केलेल्या पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख डॉलरपर्यंत दंड. कंपनी कुलपात काहीही घालो, रीजन, ताकीद, उद्या आणखी काही, त्या प्रत्येक गोष्टीला आपोआप कायद्याचं बळ मिळतं. सरकारने चोरीला शिक्षा ठेवावी, कडक ठेवावी. पण नियम करायचा अधिकार कंपनीला आणि तो मोडणाऱ्याला पकडायचं काम सरकारला, ही वाटणी लोकशाहीत बसत नाही. या मालेत मी वेगवेगळ्या वाटांनी जे सांगतो आहे ते हेच.

जानेवारी २००० मध्येच आठ चित्रपट कंपन्यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘२६००’ या नियतकालिकाच्या संपादकांवर, एरिक कॉर्ली यांच्यावर, दावा लावला. त्यांनी डीसीएसएस आपल्या संकेतस्थळावर ठेवलं होतं. ऑगस्टमध्ये न्यायाधीश लुइस कॅप्लन यांनी निकाल दिला : प्रोग्रॅम प्रसिद्ध करायचा नाही आणि तो जिथे मिळतो तिथला दुवाही द्यायचा नाही. हे निकालपत्र मी बऱ्याचदा वाचलं आहे. कॅप्लन यांनी विषय समजून घेतला होता. प्रोग्रॅम ही अभिव्यक्ती आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण तो नुसता बोलत नाही, काम करतो, म्हणून त्याच्या कामावर बंधन घालता येतं, असं त्यांचं म्हणणं. राजकीय खून हा जसा निव्वळ राजकीय मतप्रदर्शन नसतो, तसा प्रोग्रॅमही निव्वळ मतप्रदर्शन नव्हे, इथवर ते गेले. तुलना मला फार भडक वाटते, पण प्रश्न खरा आहे. बोलणं कुठे संपतं आणि कृती कुठे सुरू होते?

ही रेष खरोखर काढता येते का, हे तपासायला कार्नेगी मेलन विद्यापीठाचे डेव्हिड टुरेट्झ्की उभे राहिले. खटल्यात त्यांनी साक्ष दिली आणि एक संग्रहच मांडला. तीच पद्धत सी भाषेत लिहिलेली. तीच, जिचा कंपायलर अस्तित्वातच नाही अशा भाषेत. तीच साध्या इंग्रजी वाक्यांत. तीच टी-शर्टावर. सेथ शोएन यांनी ती हायकूंमध्ये बांधली, शेकडो हायकूंची सलग रचना. वाचून कोणीही प्रोग्रॅमर मूळ प्रोग्रॅम पुन्हा लिहू शकेल, इतकी काटेकोर. एमआयटीत ती सात ओळींच्या पर्ल प्रोग्रॅममध्ये बसवली गेली. टुरेट्झ्की विचारत होते, की यातला नेमका कितवा नमुना बेकायदा? कॅलिफोर्नियातल्या दुसऱ्या खटल्यात तर असोसिएशनच्या वकिलांनीच पुरावा म्हणून हा प्रोग्रॅम न्यायालयाच्या खुल्या कागदपत्रांत दाखल केला आणि नंतर तो मोहोरबंद करावा म्हणून अर्ज केला.

आणि आता ती मूळ संख्या. हा लेखांक मी तिच्यासाठी लिहितो आहे.

संगणकात साठवलेली प्रत्येक फाइल मुळात एक संख्याच असते. फाइलमधले सगळे बाइट ओळीने मांडले की २५६ च्या पायावरची एक लांबलचक संख्या तयार होते. फिल कार्मडी यांनी मार्च २००१ मध्ये डीसीएसएसचा सी भाषेतला मजकूर घेतला, तो जीझिप या नेहमीच्या साधनाने दाबून लहान केला आणि जी फाइल आली तिच्याकडे संख्या म्हणून पाहिलं. तिला ‘क’ म्हणू. आता जीझिपची एक खोड अशी, की फाइल संपल्यावर शेवटी काही फालतू बाइट चिकटवले तरी ते त्यांकडे लक्ष देत नाही, मूळ मजकूर बरोबर उलगडतं. म्हणजे ‘क’च्या शेपटाला हवं ते जोडायची मुभा. मग असं शेपूट शोधायचं, की येणारी संख्या मूळ संख्या असेल, एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणारी. अशी शेपटं भरपूर मिळणार, हे संख्या-सिद्धांताचा अभ्यासक अनुभवाने जाणतो. कार्मडींना मिळालेली पहिली संख्या १४०१ अंकी.

पण ती प्रसिद्ध कोण करणार? कार्मडींना अशी जागा हवी होती, जिथे ती संख्या निव्वळ गणित म्हणून छापणं भाग पडेल. टेनेसी विद्यापीठाचे ख्रिस कॉल्डवेल मोठ्या मूळ संख्यांच्या याद्या ठेवत. एका विशिष्ट पद्धतीने सिद्ध केलेल्या सर्वांत मोठ्या वीस संख्यांत जागा मिळवायची, तर १४०१ अंक कमी पडत होते. कार्मडींनी ‘क’ला २५६ च्या २११ व्या घाताने गुणलं, त्यात ९९ मिळवले आणि १९०५ अंकी मूळ संख्या हाती आली. ती मूळ असल्याचं सिद्ध झालं आणि यादीत गेली. पुढे त्यांनी आणखी एक शोधली, १८११ अंकी. ती दाबलेल्या मजकुराची नाही, थेट चालणाऱ्या प्रोग्रॅमची. ती संख्या फाइल म्हणून साठवली, की प्रोग्रॅम तयार.

मला यात जे विलक्षण वाटतं ते असं, की ही संख्या कोणी घडवलेली नाही. युक्लिडच्या काळीही ती मूळच होती. आणि कॅप्लन यांचा निकाल शब्दशः लावायचा म्हटलं, तर कुलूप उघडायचं साधन पुरवणारी वस्तू म्हणून ती न्यूयॉर्कमध्ये छापता येऊ नये. तिच्यावर कधी दावा लागला नाही, त्यामुळे न्यायालयाला हा प्रश्न सोडवावा लागला नाही. माझ्या मते तो सुटणाराही नाही. एखाद्या ज्ञानाचा वापर कशासाठी झाला ते न पाहता ते ज्ञानच निषिद्ध ठरवलं, की बंदी कुठे थांबवायची हे सांगायला कायद्याकडे शब्द उरत नाहीत.

नोव्हेंबर २००१ मध्ये अपिलात कॅप्लन यांचा निकाल कायम झाला. नॉर्वेत उलट घडलं. ७ जानेवारी २००३ रोजी ऑस्लोच्या न्यायालयाने योहानसेनला निर्दोष सोडलं. विकत घेतलेली डीव्हीडी आपल्याला हवी तशी पाहायचा त्याला हक्क आहे, असं न्यायालय म्हणालं. सरकारने अपील केलं. डिसेंबरमध्ये पुन्हा निर्दोष. जानेवारी २००४ मध्ये सरकारी वकिलांनी प्रकरण सोडून दिलं, तोवर तो मुलगा विशीत पोचला होता.

ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने २००५ मध्ये प्लेस्टेशनच्या रीजन-कुलपाबाबत सोनीविरुद्ध निकाल दिला. हे कुलूप नक्कल रोखत नाही, वापर रोखतं, म्हणून ते संरक्षणाला पात्र नाही, असा त्याचा आशय. पुढे अमेरिकेबरोबरच्या व्यापार कराराने ऑस्ट्रेलियाला कायदा कडक करावा लागला. पण तसं करतानाही चित्रपट आणि संगणक-खेळांवरच्या रीजन-कुलपाला त्यांनी संरक्षणातून स्पष्ट वगळलं. डीव्हीडीचा नकाशा सरकारने राखायचा नाही, हे तिथल्या कायद्यात लिहिलेलं आहे.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आलं. कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण कॉपीराइटचा भंग करायचा हेतू असेल तरच. कायद्याने मना न केलेल्या हेतूसाठी कुलूप उघडलं तर गुन्हा नाही. अमेरिकेत अंध वाचकांना कुलूपबंद ई-बुक यंत्राकडून वाचून घेता यावं, यासाठीची सूट २००३ पासून दर तीन वर्षांनी मागावी लागते. आपल्याकडे अपंगांसाठी पुस्तकाचं रूप बदलायची मुभा कलम ५२ मध्ये कायमची आहे. मसुदा करणाऱ्यांचं मी मनापासून कौतुक करतो.

एका परंतुकाचं मात्र नाही. वैध कारणासाठीसुद्धा तुम्ही दुसऱ्याला कुलूप उघडून दिलंत, तर त्याचं नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि हेतू यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, असं ६५-अ सांगतं. अंध विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तकाची फाइल उघडून देणाऱ्या स्वयंसेवकाने त्या मुलाची नोंदवही ठेवायची. आपण काय वाचतो याची अशी वही कोणाच्याच घरी असू नये. तो विद्यार्थी काही गुन्हा करत नाही, हे खुद्द तेच कलम मान्य करतं. पुढच्या दुरुस्तीत हे परंतुक गाळावं, अशी माझी मागणी आहे, आणि संबंधित संस्थांनी ती सरकारकडे लेखी करावी.