शेवटच्या सेकंदाची बोली

१६६२ मध्ये लंडनला मेणबत्ती विझेपर्यंत चालणाऱ्या जहाजांच्या लिलावात एकाने अचूक वेळ साधली. विझताना धूर खाली वळतो, हे त्याने हेरलं होतं! सॅम्युअल पेप्सच्या रोजनिशीत हे नोंदलेलं आहे.

ईबेवर मेणबत्तीऐवजी घड्याळ आलं. मुरलेले खरेदीदार अखेरच्या काही सेकंदांपर्यंत गप्प राहतात आणि मग एकदाच आपली कमाल रक्कम टाकतात. समोरच्याला बोली वाढवायला वेळच उरत नाही. जिंकणाऱ्याला मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीहून एकच पायरी जास्त द्यावी लागते, म्हणून मनातली खरी कमाल रक्कम टाकणंच शहाणपणाचं.

ॲमेझॉनच्या जुन्या लिलावांत शेवटच्या दहा मिनिटांत बोली आली की मुदत वाढायची. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ च्या शोधनिबंधात दोन्हींची तुलना केली. उशिराच्या बोल्या ईबेवरच कितीतरी जास्त निघाल्या.