समुद्रावरचा पतंग आणि जीवरक्षक जाकीट

लहानपणी पतंग उडविला नाही असा आपल्यात क्वचितच कोणी असेल. माझे कन्नड मित्र पतंगाला ‘गाळिपट’ म्हणतात. गाळी म्हणजे वारा आणि पट म्हणजे वस्त्र. आपल्या कागदी पतंगापेक्षा हा शब्द मला एका निराळ्याच पतंगाला अधिक शोभतो असे वाटते. गोव्यात मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर हिवाळ्याच्या अखेरीस, दुपारी वारा सुटला की, दहा-बारा चौरस मीटर कापडाचे कमानदार पतंग आकाशात चढू लागतात. प्रत्येक पतंगाच्या वीस-पंचवीस मीटर लांब दोऱ्यांच्या खालच्या टोकाला एक माणूस असतो. त्याच्या पायांखाली फळी असते आणि पतंग त्याला लाटांवरून ओढीत नेतो. यालाच काइटबोर्डिंग म्हणतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला व त्याच्या शर्यती मार्सेयच्या समुद्रात झाल्या.

हा खेळ मी फक्त किनाऱ्यावरून पाहिला आहे. परंतु खेळाडूंच्या अंगावरची साधने पाहून कुतूहल वाढले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. वस्तूचे नाव पाहून भुलू नये, तिच्यावरची चिठ्ठी वाचावी, हे आम्हांला पहिल्याच वर्षी सांगतात. जाकिटाच्या बाबतीत हा धडा किती मोलाचा आहे, तेच या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम वाऱ्याचा हिशेब पाहू. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर पतंगाची ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. बारा नॉटच्या वाऱ्यात आटोक्यात असलेला पतंग चोवीस नॉटच्या झोतात माणसाला उचलून फेकू शकतो. दुसरी गोष्ट दिशेची. खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेच्या भूगोलात शिकलो. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा येतो. रात्री जमीन निवते व पहाटेपर्यंत मतलई वारा समुद्राकडे वाहतो. परीक्षेनंतर आपण हे विसरतो, पण काइटबोर्डिंग करणाऱ्याला विसरून चालत नाही. मतलई वाऱ्यात फळी किंवा पतंग निकामी झाला तर तो वारा त्याला खोल समुद्रात नेतो. सरळ किनाऱ्यावर येणारा वाराही वाईटच, कारण तो खडकांवर किंवा झाडांवर आपटतो. म्हणून किनाऱ्याला तिरकस लागून येणारा वारा सर्वांत बरा मानतात.

आता साधनांकडे वळू. आपली समजूत अशी की पाण्यात जाकीट हेच पहिले साधन. या खेळात तसे नाही. येथे पहिले संकट बुडण्याचे नसून पतंगाने फरफटत नेण्याचे असते. तेव्हा पहिले साधन म्हणजे पतंगापासून सुटका करून घेण्याची सोय. खेळाडूच्या कमरेला ‘हार्नेस’ नावाचा रुंद पट्टा असतो व त्याच्या आकड्यात पतंगाच्या दांड्याची कडी अडकविलेली असते. त्या कडीवर लाल रंगाची एक मूठ असते. ती ढकलली की कडी उघडते, पतंग एकाच दोरीवर लोंबकळतो आणि त्याची बहुतेक ताकद जाते. आपण ढील देतो तोच हा प्रकार, फक्त एका क्षणात आणि पूर्ण. तरीही ओढ थांबली नाही तर ती शेवटची दोरीही सोडण्याची दुसरी मूठ असते. २०२० साली या सुटकेच्या यंत्रणेसाठी आयएसओ २१८५३ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. दोऱ्या अंगाभोवती गुंडाळल्या गेल्या तर कापण्यासाठी हार्नेसमध्ये आकड्याच्या आकाराची छोटी सुरीही ठेवतात. ताणलेली दोरी बोट कापू शकते, हे मांजाने हात कापलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

सुटका झाल्यावर तरंगण्याचा प्रश्न येतो. जाकिटाचा इतिहास जुना आहे. १८५४ मध्ये इंग्लंडच्या जीवरक्षक नौका संस्थेतील कॅप्टन वॉर्ड यांनी बुचाचे जाकीट तयार केले. १८६१ साली व्हिटबी येथे वादळात तेथील जीवरक्षक नौका उलटली आणि तेरापैकी बारा खलाशी बुडाले. एकटा हेन्री फ्रीमन वाचला. बुचाचे नवे जाकीट त्या दिवशी त्याच्या अंगात होते. पुढे बुचाऐवजी कॅपोक, म्हणजे आपल्या सावरीच्या जातीच्या झाडाचा कापूस, आणि नंतर कृत्रिम फेस वापरात आला. तत्त्व मात्र आर्किमिडीजचेच राहिले. एक लिटर पाणी बाजूला सारले की सुमारे एक किलोची उचल मिळते.

जाकिटाच्या चिठ्ठीवर ही उचल न्यूटनमध्ये लिहितात. दहा न्यूटन म्हणजे ढोबळ मानाने एक किलो. आयएसओ १२४०२ या मानकात ५०, १००, १५० आणि २७५ अशा चार पायऱ्या आहेत. माणसाचे शरीर पाण्यात जवळजवळ वजनहीन होते, परंतु पाण्याबाहेर ठेवावयाच्या डोक्याचे वजन चार-पाच किलो असते. ५० न्यूटनचे जाकीट म्हणजे पाच किलोंची उचल, अर्थात तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा तोंड बंद करून छातीशी धरावा इतकी. ज्याला पोहता येते, जो शुद्धीवर आहे आणि ज्याला मदत जवळ आहे, त्याला ती पुरते. १०० न्यूटन आडोशाच्या शांत पाण्यासाठी, १५० खुल्या समुद्रासाठी आणि २७५ जड कपडे व अवजारे अंगावर असणाऱ्यांसाठी. महत्त्वाचा फरक असा की, पालथ्या पडलेल्या बेशुद्ध माणसाला उताणा करून त्याचे तोंड पाण्याबाहेर ठेवणे हे १०० व त्यापुढील जाकिटांचे काम आहे. ५० च्या जाकिटाचे ते काम नाही.

मग काइटबोर्डिंग करणारे सरळ १५० न्यूटनचे जाकीट का घालीत नाहीत, असा प्रश्न कोणालाही पडेल. याचे कारण त्या खेळातच आहे. जाड जाकीट हार्नेसवर चढून बसते, आकडा झाकते आणि ऐन वेळी लाल मूठ हाताला लागत नाही. पाण्यात पडताच आपोआप फुगणारे जाकीट तर पहिल्याच पडण्यात फुगेल, आणि हा खेळाडू तासात वीसदा पडतो. म्हणून बहुतेकजण कमरेच्या वर संपणारे, आखूड कापाचे ५० न्यूटनचे जाकीट निवडतात. या तडजोडीचा हिशेब दुसरीकडे चुकता करावा लागतो. जाकीट बेशुद्ध माणसाला सांभाळणार नाही, तर डोक्याला मार लागू न देण्याची जबाबदारी हेल्मेटवर येते. आणि हेल्मेटही फसले तर मदतीला कोणी असावे, म्हणून एकट्याने पाण्यात उतरावयाचे नाही. ही तिन्ही साधने एकमेकांची उणीव भरून काढतात. त्यातले एक वगळले की बाकीच्यांचा हिशेब चुकतो.

येथेच नावाने फसण्याचा धोका आहे. दुकानात ‘इम्पॅक्ट वेस्ट’ नावाचे एक सुबक, पातळ जाकीट मिळते. दिसावयास ते जीवरक्षक जाकिटासारखेच असते, पण त्याचे काम बरगड्यांना आपटण्यापासून वाचविणे एवढेच. थोडीफार उचल ते देते, परंतु ती मोजून प्रमाणित केलेली असेलच असे नाही. अनेकांच्या आतल्या चिठ्ठीवर तर ‘हे तरंगण्याचे साधन नाही’ असे स्पष्ट छापलेले असते. ते छापलेले कोण वाचतो, हाच खरा प्रश्न आहे.

समुद्रात अडकलेल्या खेळाडूजवळ आणखी एक मोठे साधन असते, आणि ते म्हणजे स्वतः पतंग. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ब्रुनो व डोमिनिक लगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये हवा भरलेल्या नळीच्या पतंगाचे पेटंट घेतले. पाण्यात पडल्यावर पतंग बुडू नये व पुन्हा उडविता यावा, हा त्यांचा हेतू. तीच नळी संकटात होडी बनते. दोऱ्या नीट दांड्यावर गुंडाळीत पतंगापर्यंत पोहोचावे, त्याच्या नळीवर रेलावे व त्याचे शीड करून किनारा गाठावा, असे या खेळाच्या शाळांतून शिकवितात. पतंग टाकून पोहत सुटणे चुकीचे, कारण लाटांत एकटे डोके दिसत नाही. रंगीत कापड दुरूनही दिसते. त्याच कारणासाठी जाकीट भडक रंगाचे असावे व त्याला शिटी बांधलेली असावी. आवाज बसतो, शिटी बसत नाही. दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वरखाली करणे ही मदत मागण्याची आंतरराष्ट्रीय खूण आहे. किनाऱ्यावरून ती पाहणाऱ्याने भारतीय तटरक्षक दलाचा १५५४ किंवा ११२ हा क्रमांक फिरवावा.

कोणी म्हणेल, आपल्यातले किती जण काइटबोर्डिंग करणार? थोडेच. पण समुद्रावर आपण सारेच जातो. एप्रिल २०१७ मध्ये बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठजण मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बुडाले. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून बारा मुले व दोन शिक्षिका गेल्या. त्या नावेतील अनेक मुलांच्या अंगात जाकीटच नव्हते. काइटबोर्डिंग करणारा माणूस धाडसी समजला जातो, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी तो वारा पाहतो, मूठ तपासतो, चिठ्ठी वाचतो. आपण सहलीला जातो ते गाणी म्हणत.

तेव्हा पुढच्या सहलीत नावेत बसण्याआधी दोन मिनिटे काढावीत. जाकिटाच्या आत पाहावे : किती न्यूटन, किती वजनाच्या माणसासाठी. पट्टे सर्व बांधावेत. मग शेजाऱ्याला म्हणावे, खांद्याशी धरून वर ओढ. जाकीट हनुवटीच्या वर सरकले तर ते सैल आहे. पाण्यात ते तोंडावर येईल. घट्ट करावे किंवा दुसरे मागावे. दुसरे नसेल तर त्या नावेत बसू नये, आणि आपण बसत नाही हे बरोबरच्या सरांना मोठ्याने सांगावे.