तीनशेचे पाचशे झाले

१० मार्च २००५ रोजी राज्याच्या नगरविकास खात्यानं नव्या बांधकामांना पावसाचं पाणी साठवणं किंवा जिरवणं सक्तीचं केलं. त्याला वीस वर्षं उलटून गेली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या ब्रह्मपुरीत त्याची कुणाला आठवणही नाही, याचं वाईट वाटतं.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. मालगुजारांच्या, म्हणजे इथल्या जमीनदारांच्या, काळात कोहळी समाजातल्या शेतकऱ्यांनी तलाव बांधले, १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळानं भरत गेले.

२००५ नंतरची दहा वर्षं मात्र डोळ्यांदेखत गेली. कवेलू उतरले, स्लॅब पडले, अंगणात फरशी आली, विहिरी बुजवून बोअर झाले. नियम होता ३०० चौरस मीटर आणि त्यापुढच्या भूखंडांना, तोही गावठाणाबाहेर. दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट घेणारा नोकरदार त्यात बसतच नव्हता. जे बसत होते त्यांचा शोषखड्डा नकाशावर असायचा. असं एक नवं घर मी मागून पाहिलं. गच्चीवरून आलेला पीव्हीसी पाइप जमिनीच्या वीतभर वर संपलेला. खाली खड्डा नाही, गिट्टी नाही, रेती नाही. पाणी सरळ नालीत. पूर्णत्वाचा दाखला मात्र मिळालेला. देखभाल न करणाऱ्यावर वार्षिक आकारणीची तरतूद होती. ती कुणाकडून वसूल झाल्याचं ऐकिवात नाही.

"आपल्याकडे पाऊस का कमी पडते?" असं तेव्हा शिकलेसवरलेले लोक ऐकवायचे. नाहीच कमी पडत. बाराशे-तेराशे मिलिमीटर पडतो, म्हणजे हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर वर्षाकाठी लाखभर लिटर. मग मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार गेला की आमच्या गल्लीतले बोअर हवा का ओकतात? याचं उत्तर त्यांच्यापैकी एकानंही दिलेलं नाही.

२०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेच्या पुरानं तालुक्यातली गावं बुडवली. तरी त्याच वर्षी डिसेंबरात एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली आणि ३०० ची मर्यादा ५०० वर गेली. ५०० चौरस मीटर म्हणजे जवळपास ५,४०० चौरस फूट! हे माप पुण्या-ठाण्याच्या सोसायट्यांचं. आमच्या गावात एवढा प्लॉट किती जणांचा असतो, हे ठरवणाऱ्यांनी विचारलंही नसेल.

प्लॉट कशाला मोजता, छत मोजा. आणि पूर्णत्वाचा दाखला देण्याआधी गच्चीवर चार बादल्या पाणी ओतून ते कुठं जातं ते खाली उभं राहून पाहा.