मजकूर की हुकूम?

पिंपरी-चिंचवडमध्ये बोलतोय, म्हणून उदाहरण जवळचंच घेतो. समजा, चाकणला सुटे भाग करणारा एक कारखाना आहे. तिथे तक्रारींसाठी वेब ॲप आहे. कामगार लिहितो, मॅनेजर वाचतो. कुणी तक्रारीत कोनी कंस घालून एचटीएमएलची खूण लिहिली, तर ब्राउझरने ती नुसती दाखवायची की पाळायची?

तत्त्वज्ञानात याला शब्दाचा वापर आणि शब्दाचा उल्लेख यांतला भेद म्हणतात. पाणिनीलाही तो ठाऊक होता. व्याकरणात 'अग्नी'ला प्रत्यय लावायचा तो शब्दाला, निखाऱ्याला नव्हे! ब्राउझरला मात्र हा भेद आपण सांगावा लागतो. कंसाऐवजी त्याचं सांकेतिक रूप पाठवायचं. मग पडद्यावर कंस दिसतो, पण हुकूम चालत नाही. हे एस्केपिंग. ते राहिलं, तर तक्रारीत दडवलेली स्क्रिप्ट मॅनेजरच्या लॉगिनच्या अधिकाराने चालू शकते. २००५ साली मायस्पेसवर अशीच एक स्क्रिप्ट दिवसभरात दहा लाखांहून अधिक प्रोफाइलांवर पसरली होती.

मग तपासायचं कसं? तक्रारीत ठळक अक्षरांची खूण लिहा. ती जशीच्या तशी दिसली तर ठीक. अक्षरं ठळक झाली तर दार उघडं आहे. मजकूर जिथे जिथे दिसतो तिथे तिथे हे करा: यादीत, शोधात, अहवालात. फॉर्मच्या चौकटीत अवतरणचिन्हही घालून पाहा, कारण तिथलं कुंपण तेच असतं.

काही जण कंसापुढचं सगळं पुसूनच टाकतात. पण कामगाराने लिहिलं असेल, 'दाब <५ बार झाला तरी अलार्म वाजत नाही', तर चाळणीतून 'दाब' एवढंच उरू शकतं. ॲप सुरक्षित, माणूस धोक्यात!

उलट चूकही होते, एस्केपिंग दोनदा होतं. चाकणला ज्यांचा कारखाना आहे त्या 'महिंद्रा & महिंद्रा'चं नाव टाइप करा. चिन्हामागे 'एएमपी' ही इंग्रजी अक्षरं उगवली, की समजा.

म्हणून चाचणीचे प्रश्न दोन. लिहिलेल्याचा हुकूम झाला नाही ना? आणि लिहिलेलं जसंच्या तसं पोचलं ना? पहिल्याचं उत्तर मिळालं की लोक उठून जातात. तुम्ही दुसऱ्यासाठी थांबा. अलार्म अजून वाजत नाहीये.