कॉम्प्युटर हुशार होत नाही, श्रीमंत होतो

स्टारक्राफ्ट २ खेळणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "वरच्या लेव्हलला कॉम्प्युटर जास्त डोकं चालवतो." अंतराळातली साम्राज्यं, परग्रहावरच्या लढाया अशा डावपेचांच्या बहुतेक खेळांबद्दल हा समज आहे. तो किती अपुरा आहे, हे या एका खेळाच्या पातळ्या नीट पाहिल्या तरी कळतं.

ब्लिझार्डच्या २०१० सालच्या या खेळात आज कॉम्प्युटरच्या दहा पातळ्या आहेत. पहिल्या सात, म्हणजे 'व्हेरी इझी'पासून 'एलिट'पर्यंत, तो तुमच्याच नियमांनी खेळतो. त्याचा कामगार तुमच्या कामगाराइतकंच खनिज आणतो. नकाशावरचं धुकं त्यालाही आड येतं आणि तुमच्या तळात काय शिजतंय हे पाहायला त्यालाही कुणाला तरी टेहळणीला पाठवावं लागतं. खालच्या पातळ्यांवर तो हात राखून असतो: फौज सावकाश उभी करतो, उशिरा चालून येतो आणि येतो तोही मूठभर सैनिक घेऊन. गल्लीतल्या खेळात लिंबूटिंबूला सांभाळून घेतात, तसं तो नवख्याला सांभाळून घेत असतो. 'एलिट'ला हे लाड संपतात. त्याला जेवढं येतं, तेवढं सगळं तो इथे खेळतो.

आठव्या पातळीपासून मात्र नियमच बदलतात. आठवीला त्याला अख्खा नकाशा दिसतो. त्याच्या तळाशेजारी कोपऱ्यात गुपचूप बांधलेली तुमची बरॅक त्याच्यासाठी गुप्त नसतेच. नववीला त्याशिवाय खनिज आणि गॅस जास्त वेगाने मिळतो. दहावीला, म्हणजे 'इन्सेन'ला, हा वेग आणखी वाढतो. बुद्धी वाढलेली नसते, तिजोरी वाढलेली असते. तुम्ही सुरेख घेराव घालून त्याची फौज कापून काढता आणि श्वास घेईपर्यंत तेवढीच दुसरी दारात उभी राहते, ती या तिजोरीतून.

मग खेळ बनवणारे खेळाडूला फसवतात का? नाही. या तिन्ही पातळ्यांच्या नावातच 'चीटर' हा शब्द आहे आणि पहिल्या दोघींच्या नावाशेजारी कुठली सवलत दिली आहे तेही लिहिलेलं असतं. २०१७ मध्ये संशोधकांसाठी खुल्या केलेल्या प्रोग्रॅमिंगच्या सोयीतही याच पातळ्यांची नावं सरळसरळ 'चीट व्हिजन', 'चीट मनी' आणि 'चीट इन्सेन' अशी आहेत. लपवाछपवी कुठेच नाही.

हा मार्ग निवडण्यामागे व्यवहार आहे. चांगला डाव ओळखून त्याला उत्तर देणारा प्रोग्रॅम लिहिणं फार अवघड. मिळकतीचा आकडा वाढवणं सोपं. शिवाय जिंकण्यासाठीच बनवलेला कॉम्प्युटर आणि ज्याच्याशी खेळताना मजा येते असा कॉम्प्युटर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'सिव्हिलायझेशन ४' आणि पुढे मंगळावरच्या व्यापारयुद्धाचा 'ऑफवर्ल्ड ट्रेडिंग कंपनी' हे खेळ करणारे सोरेन जॉन्सन यांनी २००८ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समधल्या व्याख्यानात हाच फरक उलगडला होता. मला तो पूर्ण पटतो. कॉम्प्युटरने उगाच अचूक खेळून आपल्याला चिरडावं, हे किती जणांना दुसऱ्यांदा खेळावंसं वाटेल?

"लेव्हल वाढवली की शेजारी जास्त भांडखोर होतात," हा दुसरा समज पॅराडॉक्सच्या 'स्टेलारिस'मध्ये (२०१६) पार कोसळतो. तिथे अवघडपणा आणि आक्रमकता हे दोन वेगळे पर्याय आहेत. 'ग्रँड ॲडमिरल' पातळीला कॉम्प्युटरच्या साम्राज्यांना उत्पादनात भरघोस वाढ मिळते, पण शेजारी तुमच्याशी मैत्री करेल की युद्ध, हे मुख्यतः त्या साम्राज्याच्या विचारसरणीवरून ठरणाऱ्या स्वभावावर अवलंबून असतं. शांततावादी साम्राज्य श्रीमंत झालं म्हणून लगेच तलवार उपसत नाही. सवलत पहिल्या दिवसापासून न देता हळूहळू वाढवत नेण्याचीही सोय आहे. बऱ्याच जणांचं तिच्याकडे लक्ष जात नाही. सुरुवातीलाच चेंगरून जाणाऱ्यांनी ती जरूर वापरावी.

आणि पक्षपात नेहमी कॉम्प्युटरच्याच बाजूने होतो, असंही नाही. 'एक्सकॉम २'मध्ये सोप्या पातळ्यांवर नेम लागण्याची खरी शक्यता पडद्यावर दाखवलेल्या आकड्यापेक्षा खेळाडूच्या बाजूने झुकवलेली असते. सर्वांत अवघड 'लेजंड'ला ही गुप्त मदत बंद होते. नेम चुकला की "गेम चीटिंग करतो" म्हणून ओरडणाऱ्यांना बरेचदा गेमच हात देत असतो.

आता सगळ्यात चिवट समज: कॉम्प्युटर आपले डाव पाहून शिकतो. स्टारक्राफ्टमधला नेहमीचा कॉम्प्युटर काहीही शिकत नाही. तो लिहून ठेवलेल्या नियमांवर चालतो. काल ज्या सापळ्यात सापडला, त्यात उद्याही सापडेल. शिकणारा खेळाडू होता तो डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीचा अल्फास्टार. तो वेगळ्याच जातीचा, आणि त्याच्याही बाबतीत गैरसमज कमी नाहीत. माणसांच्या सामन्यांच्या नोंदींवरून आणि नंतर स्वतःच्याच आवृत्त्यांशी खेळून तो तयार झाला. २०१९ च्या उन्हाळ्यात तो युरोपातल्या खेळाडूंसमोर नाव न सांगता उतरला, तेव्हा त्या सामन्यांतून तो शिकत नव्हता. शिक्षण आधीच पुरं झालं होतं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'नेचर' नियतकालिकात निबंध आला, त्यानुसार तो क्रमवारीतल्या ९९.८ टक्के खेळाडूंच्या वर होता.

"मशीनची बोटं वेगवान, म्हणून जिंकलं," असंही म्हणतात. जानेवारी २०१९ मध्ये दाखवलेल्या सामन्यांत पोलंडचा व्यावसायिक खेळाडू माना ०-५ ने हरला. पण मिनिटाला सरासरी कृती मोजल्या तर अल्फास्टारच्या सुमारे २८० आणि मानाच्या सुमारे ३९० होत्या. तरी आक्षेपात तथ्य होतं. ऐन लढाईत अल्फास्टारच्या कृती एकदम उसळत, आणि त्यातल्या फार थोड्या वाया जात. शिवाय धुक्यापलीकडचं त्याला दिसत नसलं, तरी कॅमेरा न हलवता आपल्या टापूतलं सगळं तो एकाच वेळी पाहू शकत होता. हे सामने दाखवले त्याच दिवशी थेट प्रक्षेपणात कॅमेरा हलवावा लागणारी आवृत्ती उतरवली आणि मानाने ती हरवली. त्याने एका वाहक यानातून दोन 'इमॉर्टल' यंत्रयोद्धे शत्रूच्या तळात सोडले. अल्फास्टारची फौज त्यांना हाकलायला मागे वळली की तो त्यांना उचलून न्यायचा. फौज पुढे निघाली की पुन्हा सोडायचा. मोठी फौज नुसती ये-जा करत राहिली आणि तेवढ्या वेळात मानाने स्वतःचं सैन्य उभं केलं.

स्टारक्राफ्टमध्ये पुढे माणसांशी खेळायचं असेल, तर सरावासाठी 'एलिट'लाच थांबणं मला योग्य वाटतं. त्यावरच्या पातळ्यांवर लपवाछपवीचा सराव होत नाही, कारण समोरच्याला सगळं दिसतं. शेवटच्या दोन पातळ्यांवर तर शत्रूची मिळकत तोडून त्याला उपाशी मारण्याची सवयही नीट लागत नाही, कारण त्याला पैशांची फारशी चणचण भासत नाही. सामना लावताना त्याचा डावही निवडता येतो: सुरुवातीलाच धाड, ठरल्या वेळचा हल्ला, आधी अर्थव्यवस्था, थेट विमानदळ. ज्या डावापुढे तुम्ही वारंवार हरता, तोच त्याला द्या आणि सामन्यानंतर रिप्ले उघडून पहिली पाच मिनिटं पाहा. आपले कामगार नेमके केव्हा बनायचे थांबले, ते तिथे दिसतं.