इंजिनाचा ताप (भाग ७) : समृद्धीवर चढलं का काटा चढते

हेड गॅस्केटची बुडबुड्यांची परीक्षा या आठवड्यात सांगणार होतो. ती पुढे ढकलतो आहे, कारण शेलूबाजारच्या एका वाचकांचा फोन आला आणि त्यांच्या गाडीने माझे दोन रविवार घेतले. दोन्ही सत्कारणी लागले.

फोनवर ते म्हणाले, "भाऊ, गावात काहीच होत नाही. मंगरूळपीर, वाशीम, कुठंही न्या. समृद्धीवर चढलं का अर्ध्या तासात काटा चढते, अन् ऐंशीवर आलं का आपोआप उतरते."

गाडी सात वर्षांची, डिझेल. एका गॅरेजात थर्मोस्टॅट काढून टाकला. फरक पडला नाही. मग फॅनची मोटर बदलली, दोनदा कूलंट बदललं. आता निदान गॅस्केटवर आलं होतं आणि पुढच्या सोमवारी हेड उतरवायचं ठरलं होतं. मी म्हटलं, सोमवार रद्द करा, मी रविवारी येतो.

खरं तर त्यांच्या त्या एका वाक्यातच पाऊण निदान होतं. गाडी किती तापते हे सगळे सांगतात, कधी तापते हे फार थोडे सांगतात. उभ्या गाडीत, बाजाराच्या गर्दीत काटा चढतो आणि चालायला लागली की उतरतो, तर फॅन, त्याचा फ्यूज किंवा रिले बघायचा. सकाळी चालू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते, तर पाणी कमी आहे, आत हवा अडकली आहे, थर्मोस्टॅट बंदच राहतो आहे किंवा गॅस्केट गेलं आहे. पण इथे गोष्ट उलटी होती: वेगात तापते, वेग कमी केला की निवते. वेगात गाडीला फॅनची गरजच नसते, समोरून येणारा वारा रेडिएटरमधून जातो. म्हणून नव्या मोटरचा उपयोग झाला नाही. आणि गॅस्केट गेलं असतं तर गाडीने बहुधा गावातही त्रास दिला असता. रविवारी गेल्यावर सकाळी थंड इंजिन चालू करून वरचा होज पाइप दाबून पाहिला. पाच मिनिटं झाली तरी मऊच. सिलिंडरमधला दाब पाण्यात शिरत असता तर तो इतक्यात टणक झाला असता.

आता प्रश्न असा की समृद्धीवरच का? हा मला निदान आठ-दहा जणांनी विचारला आहे आणि प्रत्येकाला रस्त्यातच काही दोष वाटतो. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. त्याआधी आपल्या तालुक्यातून कुठेही निघा, तासभर सलग एकशेवीसने गाडी हाकणं शक्यच नव्हतं. गावं, गतिरोधक, बैलगाड्या, पुढे एसटी. इंजिनाला दर दहा मिनिटांनी श्वास मिळायचा. आता शेलूबाजारला चढलं की नागपूरपर्यंत जवळपास दोनशे किलोमीटर पायाखालचा पेडल हलत नाही.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो कापायला लागणारी ताकद घनाने. ऐंशीचे एकशेवीस म्हणजे वेग दीडपट, पण हवा कापायची ताकद सुमारे ३.४ पट. ढोबळ हिशोबाने, जळालेल्या इंधनातली एक तृतीयांश शक्ती चाकांना मिळते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली पाण्यात येते. ती रेडिएटरनेच बाहेर टाकायची. त्यात आपला मे महिना. पाणी ९५ अंशावर आणि हवा २५ ची असेल तर मधला फरक ७० अंशांचा. हवा ४५ ची झाली की तो ५० वर येतो. उष्णता या फरकावरच बाहेर पडते, म्हणजे त्याच रेडिएटरची क्षमता उन्हाळ्यात पाव हिश्शाहून जास्त घटते. धडधाकट रेडिएटर हे सगळं पेलतो, कारण बनवणाऱ्याने तेवढी शिल्लक ठेवलेली असते. ती शिल्लक वर्षानुवर्षं हळूहळू खाल्ली गेली असेल तर मंगरूळपीरच्या रस्त्यांवर कळत नाही. समृद्धीवर अर्ध्या तासात कळतं.

काट्यावरही फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत ७५ पासून १०५ अंशांपर्यंत तो मधोमधच उभा असतो, चालकाला घोर लागू नये म्हणून तसाच बसवलेला. म्हणून मी स्टीअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ओबीडीचं छोटं यंत्र लावून पाण्याच्या तापमानाचा आकडा मोबाइलवर बघतो. पहिल्या रविवारी एकशेदहाच्या वेगात, एसी चालू, वीस मिनिटांत आकडा १०८. काटा तेव्हा नुकता कुठे मधून हलायला लागला होता. आणखी एक गोष्ट मनात पक्की ठेवा: पाणी गळून संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि तापलेल्या इंजिनातही काटा खाली येऊ शकतो. चढलेला काटा अचानक पडला तर सुटकेचा निःश्वास टाकू नका, गाडी बाजूला घ्या.

परत वाचकांच्या खळ्यावर आलो. रेडिएटर कमी पडतो आहे हे ठरलं. पण तो आतून चोंदला आहे की बाहेरून? इथे मी तापमान मोजायची गन वापरतो, पिस्तुलासारखी धरून लाल ठिपका टाकायचा. इंजिन अडीच हजारावर धरायला सांगितलं, एसी चालू, फॅन फिरतोय. वरच्या पाइपवर ९८, खालच्या पाइपवर ९५. तीनच अंशांचा फरक. आतून चोंदलेल्या रेडिएटरमधून पाणी रेंगाळत जातं, त्यामुळे बाहेर पडेपर्यंत ते चांगलं थंड झालेलं असतं आणि फरक मोठा दिसतो. इथे पाणी भरपूर फिरत होतं, पण उष्णता टाकत नव्हतं. म्हणजे त्याला वारा मिळत नव्हता. खालचा पाइपही पाहिला, कारण त्याच्या आतली स्प्रिंग गंजून गेली की वेगात पंपाच्या ओढीने तो चपटा होतो. तो ठीक होता.

इंजिन बंद केलं, चावी खिशात घातली (फॅन कधी कधी बंद गाडीतही सुरू होतो) आणि इंजिनाच्या बाजूने रेडिएटरमागे टॉर्च धरला. वाचक समोर बंपरपाशी उकिडवे बसले. "दिसतो उजेड?" "नाही." टॉर्च इकडून तिकडे फिरवला. उजव्या कोपऱ्यात हातभर जागेत झिरझिरीत प्रकाश, बाकी अंधार.

बंपर उतरवला, एसीचा कंडेन्सर सैल करून दोन बोटं पुढे ओढला. रेडिएटर आणि कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत बोटभर जाडीची गोधडी बसलेली होती. कुटार! सोयाबीनचं कुटार, त्यात कापसाचे तंतू, मेलेली पाखरं आणि वर काळ्या मातीचा लेप. हाताने ओढलं तर सलग थर निघाला, शेणाच्या गोवरीसारखा. एक टोपलं भरलं.

वाचक बराच वेळ टोपल्याकडे बघत होते. मग त्यांना आठवलं. ऑक्टोबरात खळ्यावर मळणीयंत्र चालतं तेव्हा ते गाडी तिथेच लावतात आणि उन्हातून सुटका म्हणून एसी लावून आत बसतात, तीन हंगाम झाले. एसी चालू म्हटलं की फॅन चालू, आणि फॅन समोरची हवा कुटारासकट आत ओढतो. त्यांच्या ट्रॅक्टरला रेडिएटरपुढे वेगळी जाळी आहे आणि ती ते मळणीच्या दिवसांत रोज दुपारी झटकतात. गाडीला तशी जाळी नाही.

वॉशिंग सेंटरवाल्यांनी दर महिन्याला समोरून जोराचा फवारा मारून कंडेन्सर चकाचक ठेवला होता. वरून स्वच्छ दिसायचा आणि कुटार आणखी आत जायचं. पाणी मारायचं ते इंजिनाकडून बाहेर, ज्या वाटेने कचरा आला त्याच्या उलट, आणि साध्या नळाच्या धारेने. जोराच्या धारेने पातळ पत्र्या आडव्या होतात आणि मग वारा कायमचा अडतो.

आता थोडं आतल्या पाण्याविषयी, कारण हा विषय माझ्या जिवाचा आहे. त्यांच्या कूलंटच्या बाटलीत बोअरचं पाणी भरलेलं होतं. आपल्याकडचं बोअर जड असतं, तापलं की क्षार आतल्या भिंतीला धरतात, घरच्या पाणी तापवायच्या भांड्यात दिसतो तोच पांढरा थर. ॲल्युमिनियमच्या मानाने तो जेमतेम शंभरावा हिस्सा उष्णता पलीकडे जाऊ देतो. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर-अकोटकडच्या खारपाणपट्ट्यात तर खारं पाणी धातूच खातं. पूर्वी तांब्या-पितळेचे रेडिएटर होते, तेव्हा कारागीर डाग सोडवून टाकी उघडायचे आणि प्रत्येक नळीतून लोखंडी पट्टी फिरवायचे. त्याला रॉड मारणं म्हणत. अकोल्याला मी तासन्‌तास उभा राहून ते काम बघितलं आहे. खरवडलेला क्षार पाटीत पडताना पिठासारखा दिसायचा. आजच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला प्लास्टिकच्या टाक्या असतात, तिथे रॉड चालत नाही. तो चोंदला की बहुधा बदलायचाच. म्हणून कूलंट तयार मिश्रणाचं घ्या, नाहीतर बॅटरीच्या पाण्यात मिसळा. वाटेत अडलात तर कुठलंही पाणी टाकून घरी या, पण मग ते काढून टाका.

आणि काढलेला थर्मोस्टॅट परत बसवायला लावला. हा भाग फेकून देण्याची आपल्याकडची सवय मला मनापासून खटकते. तो साधारण ८२ ते ८८ अंशांवर उघडतो, तोवर इंजिन लवकर तापावं म्हणून पाणी आतल्या आत फिरवतो. तो नसला की इंजिन थंड धावतं, डिझेल जास्त पितं. काही इंजिनांत तर तो उघडताना आतली आडवाट बंद करतो. तोच काढला की ती वाट कायम उघडी राहते, थोडं पाणी रेडिएटरला न शिवताच परत जातं, आणि गाडी उलट जास्त तापते.

दुसऱ्या रविवारी भर दुपारी शेलूबाजारला समृद्धीवर चढलो. एसी चालू, वेग एकशेदहा, चाळीस मिनिटं. मोबाइलवर आकडा ९१, एका चढावर ९४, पुन्हा ९१. वाचक गाडी चालवत होते आणि मी "समोर बघा" म्हणत होतो, कारण त्यांची नजर मोबाइलवरून हलत नव्हती.

गॅस्केटची परीक्षा पुढच्या आठवड्यात. त्यासाठी काचेची स्वच्छ बाटली आणि हातभर पारदर्शक नळी शोधून ठेवा.